जुनी गाडी लांबच्या प्रवासासाठी तयार करताना: आधी बैठक, मग सामान

जुनी गाडी लांबच्या प्रवासासाठी तयार करायला घेतली की बहुतेकांचा हात आधी डिकीकडे जातो. ड्रॉवर, घडीचं टेबल, फ्रिजची जागा, झोपायची फळी. सगळं बसवून झाल्यावर कळतं की ड्रायव्हरची सीट आता शेवटच्या खाचेपर्यंत मागे जात नाही, मागच्या सीटची पाठ पूर्वीइतकी कलत नाही आणि स्टेपनी काढायची तर अर्धं फर्निचर उतरवावं लागतं. बैठक आणि सामान ही दोन वेगळी कामं नाहीतच. दोघांनाही तीच जमीन हवी असते, तेच बोल्ट हवे असतात. म्हणून माणूस दिवसाचे सात-आठ तास जिथे बसणार ती जागा आधी पक्की करायची. उरेल ते सामानाचं.

जुन्या गाडीत हे काम सोपं जातं. सीटची चौकट साधी लोखंडी असते, सीटखाली वायरी कमी असतात आणि बोल्ट दिसतात. अडचण एकच, ती म्हणजे गंज. त्याकडे येऊच, पण त्याआधी कागद-पेन घ्या.

वजनाचा हिशेब

दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाच्या कप्प्यात एक पट्टी असते. भरलेल्या गाडीचं कमाल वजन त्या पट्टीवर किंवा नोंदणीच्या कागदावर सापडतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो वाहता येणारा भार. माणसंही त्यातच येतात, हे विसरलं जातं. समजा हा भार ४५० किलो आहे. सरासरी ७० किलोंची पाच माणसं म्हणजे ३५० किलो संपले. उरले १००. प्लायवूडचे ड्रॉवर ४०, भरलेला छोटा फ्रिज ३०, वीस लिटर पाणी २०. हाती राहिले १० किलो, आणि कपड्यांच्या बॅगा अजून घराच्या दारातच आहेत.

कागदावरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. जुन्या गाडीत आधीच्या मालकांनी बरंच काही जोडलेलं असतं: जड बंपर, कॅरिअर, खालून मारलेला डांबरी थर. टाकी पूर्ण भरून गाडी वजनकाट्यावर न्या. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घेता आली तर उत्तम, कारण प्रवासाचं बहुतेक सामान मागच्या धुरीवर (अॅक्सलवर) पडतं आणि तिची मर्यादा वेगळी असते.

मागच्या स्प्रिंगा किती बसल्या आहेत तेही आत्ताच पाहा. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. पुढे सामान भरल्यावर हाच आकडा कामाला येईल. जास्त कडक स्प्रिंगा टाकल्या म्हणजे गाडीची वहनक्षमता वाढली, असा एक गोड गैरसमज आहे. गाडी सरळ उभी दिसते एवढंच. ब्रेक, धुरी, टायर तेच राहतात.

सीट काढणं

गाडीत एअरबॅग असतील तर आधी बॅटरीची ऋण तार काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तकात यासाठी वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो बहुधा एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेचा असतो. त्याच्या तारांना मल्टिमीटर लावायचा नाही, वायर वाढवायची नाही. कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली तर डॅशबोर्डवरचा इशारादिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

सीटचे बोल्ट वर्षानुवर्षं हललेले नसतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ताऱ्याच्या आकाराची खाच (टॉर्क्स) असलेला बोल्ट असेल तर खाचेतली माती टाचणीने पूर्ण काढा आणि पाना ठोकून तळापर्यंत बसवा. अर्धवट बसलेला पाना एकदा फिरला की खाच गेलीच. कोणता बोल्ट कुठून निघाला याचे फोटो काढा, कारण पुढचे आणि मागचे बोल्ट अनेकदा वेगळ्या लांबीचे असतात.

आता गालिचा उचला. खालचा नमदा ओला लागला तर पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. दाराचं रबर, पुढच्या काचेचं रबर, एसीच्या पाण्याची तुंबलेली नळी हे नेहमीचे संशयित. ओलीला गोडसर वास आणि चिकटपणा असेल तर ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे. त्यानंतर सीटच्या बोल्टांभोवतीचा पत्रा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा कुरकुरला, पापुद्रा निघाला किंवा टोक आत गेलं, तर इथेच थांबा. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतल्याशिवाय बाकीच्या कशालाच अर्थ नाही. महागातली महाग सीटही तिच्या खालच्या पत्र्याइतकीच मजबूत असते. पत्रा चांगला निघाला तर घासून गंजरोधक प्रायमर आणि रंग मारा. गालिचा दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या.

जुनी सीट का दुखते

नवी सीट विकत घेण्याआधी जुनी का दुखते ते पाहा. बहुतेक वेळा मधला फोम दबून मेलेला असतो आणि कडेचा शाबूत असतो. बसणारा मध्ये रुततो, कंबर गोल होते, मांडीच्या पुढच्या बाजूवर कड दाबते आणि तासाभरात पायाला मुंग्या येतात. यावर लोक वरून उशी टाकतात. उशीने दोन दिवस बरं वाटतं, पण ती सरकते आणि माणूस पट्ट्याच्या तुलनेत वर उचलला जातो.

खरी दुरुस्ती खालून होते. कव्हर आणि फोम काढून सीट उलटी करा. नागमोडी स्प्रिंगांपैकी एखादी क्लिपमधून सुटलेली किंवा मोडलेली सापडते. ती बदला. स्प्रिंगांवर गोणपाटाचा किंवा जाड नमद्याचा थर हवा, नाहीतर तार फोम कापत राहते. फोममधला खड्डा फोमच्या खालच्या अंगाने, कडक फोमचा तुकडा त्या आकारात कापून भरा. वरच्या बाजूला २० ते २५ मिमी जाडीचा मऊ थर पुरतो. फोम घेताना घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा. घनता प्रतिघनमीटर किलोत मोजतात आणि फोम किती वर्षं टिकेल ते तिच्यावर ठरतं. कडकपणा म्हणजे तो किती दबतो. बैठकीसाठी ४० ते ५० घनतेचा, चांगली उसळी असलेला फोम घ्या. हाताने दाबून छान मऊ वाटणारा हलका फोम सहा महिन्यांत पापड होतो.

फोम लांब दातेरी सुरीने कापला जातो. चिकटवताना डिंक दोन्ही अंगांना लावून हाताला चिकट लागेपर्यंत वाळू द्यायचा आणि मग जोडायचा, पण नेमक्या बसण्याच्या जागी जाड थर देऊ नका. वाळलेला डिंक कडक होतो आणि तो पुढे जाणवतो. कव्हर धरून ठेवणाऱ्या आतल्या तारा जपून काढा, त्या पुन्हा लागतात. त्यांच्या कड्या, म्हणजे हॉग रिंग, मात्र नव्या घ्या. त्यासाठीची पक्कड स्वस्तात मिळते आणि साध्या पक्कडीने बोटं सोलून घेण्यापेक्षा ती बरी.

कव्हरचं कापड निवडताना एक गोष्ट क्वचितच कुणी पाहतं. वाहनांच्या आतल्या साहित्यासाठी एफएमव्हीएसएस ३०२ नावाचं अमेरिकी मानक आहे. त्यानुसार आडवं धरलेलं कापड मिनिटाला १०२ मिमीपेक्षा वेगाने जळता कामा नये. सोफ्याचं कापड या कसोटीला उतरेलच असं नाही. हातभर कापड घेण्याआधी बोटभर तुकडा मागून घ्या आणि उघड्यावर, चिमट्यात धरून पेटवून बघा. भसकन पेटून वितळते थेंब टाकणारं कापड गाडीत नको. बाकी, लांब बसायचं असेल तर मध्ये हवा खेळणारं कापड आणि कडांना रेक्झिन ही जोडी उत्तम. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिच्यावरची शिवण उकलण्यासाठीच केलेली असते. त्यावर साधं कव्हर चढवायचं नाही.

सीट किती उंच करायची यालाही मर्यादा आहे. २०-२५ मिमीने उंची वाढली की हेडरेस्ट तेवढाच खाली राहतो, पट्ट्याची दिशा बदलते, उंच माणसाचं डोकं छताला लागतं. फार मऊ बैठक त्याहून वाईट. जोराचा ब्रेक लागला की माणूस तिच्यात पुढे-खाली घसरतो आणि कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडावरून सरकून थेट पोटावर येतो. म्हणून घट्ट बैठक आणि वर पातळ मऊ थर, यापलीकडे जाऊ नका.

बसण्याची ठेवण

सीट परत लावताना बसून तपासा. क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची खाच यांत दोन-तीन बोटांची फट हवी. पाठीचा कल बैठकीशी साधारण १०० ते ११० अंशांचा ठेवा. हेडरेस्टचा माथा डोक्याच्या माथ्याला आला पाहिजे.

कमरेला आधार हवा असेल तर पँटचा पट्टा बांधतो त्या उंचीला, कव्हरच्या आत, २०-३० मिमीचा तुकडा बसवा. जास्त जाड केला की तो पाठीला पुढे ढकलतो.

काही जुन्या गाड्यांत बैठक पुढे उतरती असते, त्यामुळे माणूस सतत पुढे घसरतो. पुढच्या दोन बोल्टांखाली १० मिमीची एकसंध लोखंडी पट्टी घालून ती वर करता येते. वॉशरची चळत लावून नव्हे. बोल्टही तेवढाच लांब घ्यावा लागतो. नटात त्याचे आटे किमान बोल्टच्या जाडीइतके गुंतायला हवेत आणि त्याचा दर्जा मूळ बोल्टपेक्षा कमी नको. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो बघूनच घ्या.

दुसऱ्या गाडीची सीट बसवणं शक्य आहे. पण ज्या सीटच्या चौकटीवरच पट्ट्याचं बक्कल असतं, तिथे अपघातात माणसाचं सगळं ओझं त्या चौकटीवर आणि तुम्ही केलेल्या जोडपट्टीवर येतं. हे काम घरी करू नका. अनुभवी कारागिराकडून, गाडीच्या प्रकाराला जुळणाऱ्या मापांनीच करून घ्या. मूळ सीट नीट भरून घेतली तर दहापैकी नऊ वेळा नव्या सीटची गरज उरत नाही, असं माझं मत.

पट्टे

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलीन यांनी १९५९ मध्ये आणला. तो सगळ्या गाड्यांच्या मागच्या सीटपर्यंत पोचायला पुढे कित्येक दशकं लागली. त्यामुळे जुन्या गाडीत मागे फक्त कमरेचा पट्टा, किंवा तोही नाही, असं सर्रास दिसतं. खांबाच्या आवरणामागे किंवा चाकाच्या कमानीवर कंपनीने पट्ट्यासाठी आट्यांची भोकं ठेवलेली आहेत का ते शोधा. कित्येकदा ती प्लॅस्टिकच्या टोपीखाली सापडतात. तिथले आटे बहुधा ७/१६ इंची, बारीक पेराचे असतात. ‘जवळपास तोच’ म्हणून १२ मिमीचा बोल्ट ठोकून बसवला तर आटे कायमचे जातात. पट्टा गुंडाळणारं रीळ ठरलेल्या कोनातच बसवावं लागतं, नाहीतर ते उगाच अडकून बसतं. कडा पिंजलेला किंवा अपघातात ताण बसलेला पट्टा सरळ फेकून द्या.

गाडीत पट्टे जितके, माणसं तितकीच. मागे आडवी, एकमेकांसमोर तोंड करून बसायची बाकं लांबच्या प्रवासाला चालणार नाहीत. आडव्या बसलेल्या माणसाला कोणताच पट्टा धड धरत नाही. सीट कमी करा की वाढवा, नोंदणीवरची आसनसंख्या बदलत असेल तर नियम आणि विम्याची अट आधी विचारून घ्या. काम झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

जागा मोजणं

आता डिकी. सगळ्या सीट जास्तीत जास्त मागे आणि प्रवासात ठेवायच्या तेवढ्या कललेल्या करून मगच टेप लावा. मापं घेतल्यावर प्लायवूड आणायला धावू नका. जाड पुठ्ठ्याची खोकी कापून त्याच मापाचा सांगाडा करा आणि आठवडाभर रोजच्या वापरात गाडीत ठेवा. दार बंद होताना काय अडतं, मागचं दिसतं का, पट्ट्याचं बक्कल कशाखाली गेलं, हे पुठ्ठ्यावर समजलं तर फुकट आहे.

सामान आकाराप्रमाणे नव्हे, कधी लागतं त्याप्रमाणे लावायचं. चालत्या गाडीत लागणारं हाताशी: पाणी, औषधं, कागदपत्रं. रोज संध्याकाळी लागणारं डिकीच्या तोंडाशी. आठवड्यातून एकदा लागणारं सर्वांत आत. याला एक अपवाद आहे. जॅक, पाने, धोक्याचा त्रिकोण, ओढायचा पट्टा आणि प्रथमोपचार पेटी कदाचित वर्षातून एकदाच लागतील, पण लागतील तेव्हा पावसात, अंधारात, रस्त्याच्या कडेला. त्या गोष्टी दुसरं काहीही न उतरवता निघाल्या पाहिजेत. अग्निशामक ड्रायव्हरला बसल्या जागेवरून काढता येईल असा, पण पेडलकडे घरंगळणार नाही असा पक्का बसवा.

ड्रॉवर करावेत का?

गाडी रोजच्या वापराची असेल तर करू नयेत. एकाच मापाचे, झाकणाचे, एकावर एक बसणारे प्लॅस्टिकचे क्रेट, त्यांना आडवे पट्टे आणि पुढे जाळी, एवढ्यात काम होतं. घरी आल्यावर दहा मिनिटांत गाडी मोकळी. ड्रॉवर त्यांच्यासाठी, जे आठवडेच्या आठवडे गाडीतून फिरतात किंवा त्यावर झोपतात.

करायचेच असतील तर जाडीचा मोह टाळा. १८ मिमीच्या प्लायवूडचं वजन चौरस मीटरला साधारण ११-१२ किलो भरतं. वरची फळी, तळ, बाजू, मधली भिंत आणि ड्रॉवरांच्या पेट्या मिळून बघता बघता पन्नास किलो होतात. १२ मिमीचं पाणी न लागणारं प्लाय घ्या आणि वरच्या फळीला मध्ये आधार द्या. अॅल्युमिनियमच्या खाचांच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा अजून हलका होतो आणि नटबोल्टांनी खोलता येतो. स्वयंपाकघरातले टेलिस्कोपिक चॅनल इथे वापरू नका. धूळ आणि धक्के त्यांना सोसत नाहीत, शिवाय चढावर ड्रॉवर आपोआप उघडतात. आत आणि बाहेर दोन्हीकडे अडकणारे जड कामाचे चॅनल घ्या. नाहीतर चॅनलच नको: एचडीपीई प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरणारा ड्रॉवर आणि पुढे एक भक्कम कडी. हा मार्ग हलका, स्वस्त आणि गंजमुक्त.

ड्रॉवरांची वरची पातळी सीटच्या पाठीपेक्षा बरीच खाली राहू द्या, नाहीतर वर ठेवलेली प्रत्येक वस्तू डोक्यांच्या रांगेत येते.

सामान जखडणं

या कामात सर्वांत जास्त कंजूषी इथेच होते. ताशी ५० किमी वेगाने जाणारी वस्तू म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेली वस्तू, दोघींचा वेग सारखाच. धडकेत गुरुत्वाच्या वीसपट झटका बसला असं धरलं तर २० किलोंची पेटी ४०० किलोंच्या जोराने पुढे येते. ते ओझं लाकडी स्क्रू, प्लॅस्टिकची क्लिप किंवा रबरी हुकाची दोरी धरणार नाही. रबरी दोरी हलक्या अंथरुणासाठी ठीक आहे. जड वस्तूंना रॅचेटचा न ताणणारा पट्टा लागतो, आणि त्याच्या लेबलावर भारक्षमता छापलेली असली पाहिजे.

पेटी किंवा ड्रॉवरचा सांगाडा गाडीच्या मूळ बोल्टांना बांधा. मागची सीट काढली असेल तर तिची भोकं मोकळी असतात, सामान बांधायच्या कड्याही असतात. पट्ट्याच्या बोल्टखाली मात्र दुसरी कसलीही पट्टी घुसवू नका. नवं भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली जा. पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी नेमक्या तिथूनच जात असतात. खालच्या बाजूने किमान ३ मिमी जाडीची, तळहाताएवढी लोखंडी पट्टी लावा, म्हणजे ओढ बसल्यावर वॉशर पातळ पत्र्यातून उपटून निघणार नाही. भोकाच्या कडेला प्रायमर, सांध्याला सीलर. पत्र्यात बसणारे रिव्हेट-नट हलक्या कप्प्यांसाठी चालतील, सांगाड्यासाठी नाही.

सर्वांत जड वस्तू जमिनीलगत, सीटच्या पाठीला टेकून, शक्य तेवढी दोन धुऱ्यांच्या मध्ये. पाणी आणि बॅटरी इथे. सीटच्या पाठीवर भिस्त ठेवून सामान छतापर्यंत रचू नका. पुढे धातूची जाळी किंवा पक्क्या कड्यांना बांधलेलं जाळं हवं.

टपावर शक्यतो काहीच नको. ठेवायचंच तर हलकं आणि फुगीर, अंथरूण-पांघरूण. टपाची मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते आणि अनेक लहान गाड्यांत ती पन्नास ते पंच्याहत्तर किलोच असते, बहुधा कॅरिअरच्या वजनासकट. पुढच्या सीटखाली बाटल्या ठेवू नका. सुटी बाटली ब्रेकच्या पेडलखाली जाते. फ्रिजसाठी वायर ओढणार असाल तर फ्यूज बॅटरीजवळ लावा, फ्रिजजवळ नव्हे. वायर सीटच्या रुळांपासून लांबून न्या.

चाचणी

रिकामी गाडी शंभरेक किलोमीटर खराब रस्त्यावर चालवा, एकाला मागे बसवून आवाज ऐकायला सांगा. खडखड बहुतेक लाकूड लाकडाला किंवा धातू धातूला लागून येते. मध्ये नमद्याची पट्टी चिकटवली की थांबते. सगळे नट पुन्हा आवळा, आणि सैल पडणाऱ्या जागी नायलॉनच्या कड्याचे नट वापरा.

मग पूर्ण सामान आणि माणसांएवढं वजन भरून पुन्हा वजनकाट्यावर जा. चाकाचा मध्य ते मडगार्ड हे अंतर मोजून आधीच्या आकड्याशी ताडा. एका बाजूला जास्त बसली असेल तर सामान बदला, स्प्रिंग नव्हे. टायरमधली हवा भरलेल्या गाडीसाठी पट्टीवर दिली असेल तेवढी करा. मागचा भाग खाली गेला की पुढचे दिवे वर उठतात आणि समोरच्याचे डोळे दिपवतात, तेही खाली करा. मोकळ्या जागेत कमी वेगाने जोरात ब्रेक मारून बघा, काय सरकतं ते दिसेल. पाच-सहा वेळा मारा, एकदा मारून समाधान मानू नका.

शेवटी सीटच्या, पट्ट्यांच्या आणि सांगाड्याच्या प्रत्येक बोल्टवर, डोक्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत, रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढा. प्रवासात रोज सकाळी टॉर्च मारून या रेघा बघायच्या. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे. पाना काढा आणि निघण्याआधी आवळा.